एका बाजूला जमलेली गादी

मृणाल, सरांनी तुझ्याविषयी दोन पानं लिहून मागितलीत. लॅबच्या शोकसभेत वाचायला. कुठे जन्मली, कुठे शिकली, स्वभावाने किती मनमिळाऊ होती वगैरे. मी लिहायला बसले, उठले, परत बसले, परत उठले. मनमिळाऊ? तू? सकाळी भांडुपला मला स्कूटरवर मागे बसवायचीस आणि अंधेरीत लॅबचं गेट येईपर्यंत भांडत न्यायचीस. ती दोन पानं दुसरं कोणीतरी लिहील. मला तुझ्याशीच बोलायचंय, कारण आपलं बोलणं अर्धवट राहिलंय आणि ते तुझ्यामुळे राहिलंय.

डेंग्यू. साधा डेंग्यू गं! आमच्या बिल्डिंगमध्ये दर वर्षी कोणाला ना कोणाला होतो. पपईच्या पानांचा रस पितात, चार दिवस कण्हतात आणि उठून कामाला लागतात. तुलाच काय धाड भरली होती? ताप अंगावर काढलास. मी विचारलं तर म्हणालीस, ‘काही नाही गं, झोप झाली नाही, डोळे जळतायत.’ गोळी घेतलीस आणि लॅबला आलीस, कारण काय, तर पेशी तयार होत्या आणि त्यांना नव्या गादीवर टाकायचं होतं. त्या मेल्या पेशी थांबल्या असत्या एक दिवस. नसत्या थांबल्या तरी काय बिघडणार होतं, सांग ना मला.

मला एका जागी बसवत नाहीये. घरात फेऱ्या मारते. आई म्हणते, ‘बस की जरा, पायाला भिंगरी लागलीय का?’ ती रोज संध्याकाळी बुद्धासमोर मेणबत्ती लावते तेव्हा तुझं नाव घेते. परवा वंदना झाल्यावर तिने मला विचारलं, ‘तुम्ही दोघी एवढ्या कशावरून भांडायचात गं?’ इतकी वर्षं तू आमच्या घरी यायचीस आणि तिला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, पोरींना सवय आहे.

मग मी तिला सांगितलं. लिव्हरमध्ये काही पेशी असतात, मूळपेशी, पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या. लिव्हरला इजा झाली की त्या कामाला लागतात आणि खऱ्या लिव्हरपेशी होऊन दुरुस्ती करतात. पण काय व्हायचं हे त्या एकट्याने ठरवत नाहीत. पेशींच्या खाली, आजूबाजूला प्रथिनांच्या धाग्यांची जाळी असते, तिच्यावर त्या बसलेल्या असतात. आम्ही लॅबमध्ये तिला गादी म्हणतो. गादी मऊ असली की पेशी गोळा होतात, एकमेकींना चिकटून बसतात आणि लिव्हरचं काम करायला लागतात. कडक असली की चपट्या होऊन पसरतात, नुसत्या वाढत राहतात आणि काम विसरतात. आजारी लिव्हरमध्ये नेमकी ही गादीच कडक होत जाते.

‘मग गादी बदला,’ आई म्हणाली. डाळ निवडत होती, मान पण वर केली नाही.

‘तेच तर भांडण होतं,’ मी म्हटलं.

तुझं म्हणणं, कडक जागी कितीही दिवस वाढलेली पेशी मऊ गादीवर आणून ठेवा, वेळ द्या, ती परत येते. माझं म्हणणं, येत नाही. कडकपणा तोवर तिच्या आत मुरलेला असतो. आणि पुरावा माझ्या बाजूने होता. प्लास्टिकवर वाढवलेल्या पेशी आपण जेलच्या गादीवर नेल्या, एकदा नाही, कितीदा तरी. चपट्या त्या चपट्याच. सरही माझ्या बाजूला झुकले होते. पेपरचा मसुदा तयार होता आणि त्यात सरळ वाक्य होतं, या पेशी परत येत नाहीत. म्हणजे लिव्हर कडक झालेल्या माणसाची गादी पुढेमागे एखाद्या औषधाने मऊ झालीच, तरी या पेशींचा त्याला उपयोग नाही, असं आपण लिहून मोकळ्या होणार होतो. तू सही करायला तयार नव्हतीस. ‘तुझी गादी म्हणजे पातळ सतरंजी आहे सुजे,’ म्हणायचीस, ‘खाली प्लास्टिक आहे ते त्यांना लागतंय. माणसाला फरशीवर सतरंजी घालून झोपवतेस आणि सकाळी विचारतेस, पाठ का दुखतेय? जाड गादी घाल, मग बोल.’ मी म्हणायचे, जाड जेल केली तर मायक्रोस्कोपखाली सगळं धूसर दिसतं, आणि जगात सगळे एवढीच घालतात. ‘सगळे घालतात’ म्हटलं की तू आणखी पेटायचीस.

पालथ्या घड्यावर पाणी. पालथा घडा कोण, ते आता कळलं, पण ते नंतर.

एक भांडण मला सारखं आठवतंय. लॅबला जाताना जेव्हीएलआरवर पवईच्या सिग्नलला अडकलो होतो. मी मागून बडबडत होते की कडक जागी वाढलेल्याला मऊ जागेचा भरवसा वाटत नाही, तो अंग चोरूनच बसतो. पेशींबद्दलच बोलत होते मी. तू हेल्मेटची काच वर करून मान वळवलीस आणि म्हणालीस, ‘हे पेशींबद्दल आहे की वाकोल्याबद्दल?’

माझं टाळकंच सटकलं. लहानपणीची वाकोल्याची आमची खोली, नळावरच्या शिव्या, शाळेत आडनाव सांगितल्यावर बाईंचा बदललेला चेहरा, हे मी तुला विश्वासाने सांगितलं होतं. ते तू भर रस्त्यात काढावंस? ‘माझ्या वाकोल्याला मध्ये आणायचं नाही हां,’ मी ओरडले. शेजारच्या रिक्षातली बाई वाकून बघायला लागली. तू पुढे वळून आरशातून माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, ‘मी मुलुंडबद्दल बोलत होते गं. आमच्या घराबद्दल.’ तेवढ्यात सिग्नल सुटला, मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत सुटला आणि तू निघालीस.

पुढे तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. मला खरंच कळलं नव्हतं, मुलुंडच्या त्या घरात काय कडक असणार? बाल्कनीत झोपाळा, तुझ्या आईच्या हातचं आल्याचं सरबत, भिंतभर पुस्तकं. मला तर तिथे गेलं की पाय पसरून बसावंसं वाटायचं. तू गेल्यावर मी तिथे सकाळपासून होते. तुझे बाबा येणाऱ्या प्रत्येकाला ‘बसा’ म्हणत होते, चपला नीट लावत होते. काकूंना हुंदका आला तर म्हणाले, ‘लोक आहेत.’ काकूंनी पदर तोंडात धरला आणि गप्प झाल्या. इतक्या पटकन गप्प झाल्या की ते त्यांना सवयीचं असावं. तू त्या झोपाळ्यावर कशी वाढलीस, ते मला थोडंसं कळलं. थोडंसंच. बाकीचं तुला विचारायला हवं होतं आणि आता कोणाला विचारू?

आमच्याकडे मात्र तू आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरायचीस. पहिल्यांदा रविवारी आलीस तेव्हा आईने कलेजी केली होती आणि तुझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी. तू ताटाकडे बघत म्हणालीस, ‘काकू, मी रोज सकाळ-संध्याकाळ लिव्हर बघते, लिव्हरचं खाते, आणि चव माहीत नाही. हे बरोबर आहे का?’ आई घाबरली. ‘अगं, तुमच्या घरात चालतं का?’ ‘घरात नाही चालत, भांडुपला चालतं,’ असं म्हणून तू वाडग्यात चमचा घातलास. पहिला घास खाऊन डोळे मिटलेस आणि म्हणालीस, ‘सुजे, आपण यावर काम करतो? झकास आहे!’ आई पोट धरून हसली. त्या दिवसापासून रविवारी खाटकाकडे ती थोडी जास्त कलेजी मागायची. ह्या रविवारीही तिने सवयीने जास्तच आणली आणि मग दोघींनाही घास गिळवेना.

आता तू तापात लॅबला आलीस त्या दिवसाबद्दल. त्याबद्दल मला तुझा अजूनही राग येतोय.

ती जेल किती नखरेल, हे तुला मी काय सांगू. बर्फात असेपर्यंत पाण्यासारखी पातळ, जरा ऊब लागली की थिजली. नळी बर्फातून काढायची ती थेट डिशमध्ये ओतायची, मध्ये कोणाशी बोलायचंसुद्धा नाही, हे आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि तू हातवारे केल्याशिवाय भांडू न शकणारी बाई! मसुद्यातलं ते वाक्य काढ म्हणून तू माझ्याशी तावातावाने बोलत होतीस. नळी तुझ्या मुठीत, मूठ हवेत, अंगात ताप, हात तव्यासारखा तापलेला. मी ओरडले, ‘मृणाल, जेल!’ तोवर उशीर झाला होता. तू ओतलीस तेव्हा डिशच्या एका बाजूला जाड गोळा जमला आणि दुसऱ्या बाजूला पातळ थर पसरला.

‘लागली वाट,’ मी म्हटलं. ‘फेकून दे.’ नियमच आहे आपला, गादी सारखी पसरली नाही की डिश बाद.

‘असू दे ना यार,’ तू म्हणालीस. ‘पेशी मोजून तयार आहेत, आता त्यांना काय माझ्या डोक्यावर ठेवू? बघू तरी काय करतात.’

वर पेशी सोडल्यास, झाकणावर मार्करने खूण केलीस, डिश इनक्युबेटरमध्ये सरकवलीस. मग खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, ‘स्कूटर तू चालव आज, मला गरगरतंय.’ मला स्कूटर येत नाही, हे सुद्धा तुझ्या लक्षात राहिलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, असं सगळे म्हणतात, पण तेव्हा मला फक्त हसू आलं. रिक्षा केली. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवलंस आणि कुर्त्यातून मला चटका बसला. मुलुंडला उतरताना म्हणालीस, ‘त्यांना खायला घाल हां उद्या.’ मग प्लेटलेट, मग आयसीयू, मग रक्तासाठी फोनवर फोन. मला आत सोडलं तेव्हा तू मास्कमधून काहीतरी विचारलंस, त्यातलं मला ‘डिश’ एवढंच कळलं. ‘आहे गं आहे, तू आधी बरी हो,’ मी म्हणाले. तू डोळे बारीक केलेस. वैतागलीस की हसलीस, ते मला ठरवता येत नाहीये आणि त्याने माझं डोकं उठलंय.

तुला स्मशानात नेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबला गेले. घरी काय करणार होते? तुझ्या डिशमधलं शिळं गुलाबी पाणी, पेशींचं खाणं, काढलं, ताजं घातलं. बघायचं धाडस झालं नाही. पुढच्या वेळी घातली मायक्रोस्कोपखाली. पातळ बाजूच्या पेशी नेहमीसारख्या, चपट्या, हातपाय पसरलेल्या. डिश सरकवत सरकवत जाड बाजूला नेली. तिथे धूसर दिसत होतं, मी म्हणायचे तसंच. फोकस फिरवत राहिले. आणि मग दिसल्या. गोळा झालेल्या. एकमेकींना चिकटून, कडा उजळ झालेल्या, मध्ये बारीक रेषा उमटलेल्या. मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले. परत बसले. परत पाहिलं. सारख्याच पेशी, सारखंच खाणं, एकच डिश, एकच हात. फरक काय तो गादीच्या जाडीचा.

च्यायला मृणाल, आपण भांडत होतो त्याचं उत्तर तुझ्या तापलेल्या मुठीने ओतून ठेवलं होतं आणि मी ते फेकायला निघाले होते.

पण नुसत्या दिसण्यावर जाता येत नाही. गोळा झाल्या म्हणजे कामाला लागल्या असं नाही. खात्री करायची तर काम करणारी लिव्हरपेशी जे प्रथिन बनवते ते आहे का बघायचं, त्याला चमकणारा हिरवा रंग लावायचा. आणि त्याआधी फॉर्मालिन ओतायचं. म्हणजे पेशी मारायच्या. हे आपण चहाला जायच्या घाईतसुद्धा केलंय, गाणी म्हणत केलंय. पण या पेशी तू सोडल्या होत्यास. तुझ्या हातून जगात जे काही शेवटचं जिवंत राहिलं होतं, ते त्या डिशमध्ये होतं. जिवंत ठेवलं तर तू बरोबर होतीस की नाही हे कधीच कळणार नव्हतं. कळून घ्यायचं तर मलाच ते संपवायचं होतं. मी रोज ठरवायचे आणि रोज फक्त खायला घालून यायचे. एकदा बाटली उघडली, वास आला, झाकण लावून टाकलं.

सर केबिनमधून आले. वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे. म्हणाले, ‘सुजाता, नव्या कामाला जागा हवी आहे. ती डिश तशीही सदोष आहे. या आठवड्यात काढून टाक.’ मी म्हटलं, ‘सर, तिची आहे ती.’ ते म्हणाले, ‘म्हणूनच तर म्हणतोय.’ मला इतका राग आला ना! तिची आहे म्हणून काढून टाक? मी सरळ म्हणाले, ‘सर, ती म्हणत होती त्या परत येतात. या येतायत असं दिसतंय. रंग लावून बघितल्याशिवाय मी काढणार नाही आणि तोवर तो मसुदा कुठेही पाठवायचा नाही.’ आवाज चढला माझा. पलीकडच्या टेबलांवरचे सगळे मान खाली घालून काम करायला लागले. सर म्हणाले, ‘मग लाव ना रंग. कोणी अडवलंय?’

कोणीच अडवलं नव्हतं.

आज सकाळी ओतलं फॉर्मालिन. तुला सांगते, अगदी कडेने, हळूहळू ओतलं. घाईने ओतलं असतं तर गादी उखडली असती आणि मग तू मला सोडलं नसतंस. ओतताना मी तोंडाने ‘सॉरी सॉरी’ म्हणत होते, तुला की त्यांना, काय माहीत. मग ते धुणं, रंग, थांबणं, परत धुणं. तो थांबायचा वेळ मला काढवेना. जिने उतरून खाली गेले, तुझी स्कूटर अजून पार्किंगमध्येच आहे, सीटवर धूळ बसलीय, ती ओढणीने पुसली आणि वर आले.

अंधाऱ्या खोलीत दिवा लावला. पातळ बाजू काळी. काहीच नाही. जाड बाजूला आले आणि हिरवं दिसलं. मृणाल, हिरवं! सगळ्या नाहीत, खोटं कशाला सांगू. मध्ये मध्ये काळे ठिपके आहेत, काही अजून चपट्याच आहेत. पण पुंजकेच्या पुंजके हिरवे. इतके दिवस कडक प्लास्टिकवर काढलेल्या त्याच पेशी. मी सरांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं, खूप वेळ पाहिलं. ‘एका बिघडलेल्या डिशने काही सिद्ध होत नाही,’ म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, ‘जाड गादीवर पुन्हा करा. नीट, मुद्दाम. ते वाक्य काढून टाकू आत्ता.’ चष्मा काढून पुसत बसले. मी त्या खोलीत एकटीच रडले, दार लावून, मोठ्याने. आनंद होता की काय होतं, कळलं नाही. बाहेर लोक होते, असू देत.

मग मी फोन काढला आणि तुझं नाव दाबलं. दाबल्यावर भानावर आले, पण तोवर उचलला गेला. तुझा फोन काकू जवळ ठेवतात.

‘बोल गं,’ काकू म्हणाल्या.

मी बोलून गेले, ‘काकू, मृणाल म्हणत होती ते खरं निघालं. मी नाही म्हणत होते, पण तिचंच खरं होतं.’

‘कशाबद्दल?’

मी सांगितलं, जमेल तसं. कडक, मऊ, जाड, पातळ, त्या पेशी, तिचा तो शेवटचा दिवस. त्यांना किती कळलं माहीत नाही. मध्ये मागून बाबांचा आवाज आला, कोण आहे म्हणून. ‘मृणालची सुजाता आहे,’ त्या म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि या वेळी कोणी त्यांना गप्प करत नव्हतं.

मग नाक पुसून म्हणाल्या, ‘पण हे मला काय सांगतेस बाई? माझ्याशी थोडीच भांडत होतीस तू. तिला सांग.’

म्हणून सांगतेय, मृणाल. त्या परत आल्या. मी हरले गं. आता बोल ना काहीतरी.